घोडं घरी पोचतं, पण धड पोचतं काय?

पिपरी मेघे (जि. वर्धा) : मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. त्याच महिन्यात नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा असते. पुढं लग्नसराई येते. वरातीसाठी घोडी घ्यायची तर शेतकरी बंधूंनो, तुम्ही दात पाहता, खूर पाहता, चाल पाहता. पण ट्रक ठरवताना सारं लक्ष भाड्यावर! "एका दमात गाडी गावात आण," असं ड्रायव्हरला बजावलं जातं. घोडं बिघडतं ते इथंच.

सारंगखेड्याहून धुळे, अमरावतीमार्गे पिपरी मेघे पाचशे किलोमीटरच्या वर पडतं. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे केंद्रीय नियम सांगतात की घोडे नेणाऱ्या गाडीचा वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा जास्त नसावा. म्हणजे हा प्रवास चौदा तासांच्या वरचा झाला. तो एका दमात करायचा नाही, वाटेत मुक्काम करायचा.

घोड्याचं मुंडकं वर करून आखूड दोरीनं बांधायची आपल्याकडं सवय आहे. घोडं फक्त नाकानं श्वास घेतं. नाकाघशातली घाण ते मान खाली घालून बाहेर टाकतं. तासन्‌तास मुंडकं वरच राहिलं तर ती घाण, धूळ आणि जंतू फुप्फुसात उतरतात. घरी आल्यावर दोन-तीन दिवसांनी ताप भरतो, खोकला लागतो, जनावर चारा सोडतं. लोक म्हणतात, नजर लागली. लागलेला असतो न्यूमोनिया.

पाण्याचंही तसंच आहे. मोठ्या घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागतं. तहानलेल्या घोड्याच्या आतड्यात चारा अडकतो आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळं हे दुखणं जिवावर बेततं.

तेव्हा एवढं करा. निघण्यापूर्वी चारापाणी द्या. दर चार तासांनी गाडी सावलीत थांबवा, पाणी पाजा, दोरी सोडून मान खाली घालू द्या. एका गाडीत चार ते सहाच घोडी भरा. दोन घोड्यांमध्ये किमान आठ सेंटिमीटर जाडीचा बांबू लावा. घोड्यांची तोंडं डावीकडं, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांपासून दूर ठेवा. पाय घसरू नये अशी खाली सोय करा. गाभण घोडी आणि शिंगरू इतर जनावरांत मिसळू नका. चढउतारासाठी उतरता पाट लावा, फाळक्यावरून उडी मारायला लावू नका. सोबत एक जाणता माणूस ठेवा.

सरपंच, ग्रामसेवक व पोलीस पाटलांनी गावात नवं घोडं आलं की पशुवैद्यकाचा दाखला मागावा. 'प्रवासास योग्य, संसर्गजन्य रोग नाही' असा दाखला नियमानं लागतोच. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो. नाकातून घट्ट स्राव किंवा अंगावर गाठी दिसल्या तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं.

नवं घोडं दोन-तीन आठवडे वेगळं बांधा. पहिले चार दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. पारा १०१.५ फॅरनहाइटच्या वर गेला तर घरगुती औषधात दिवस घालवू नका, डॉक्टरला बोलवा. मुक्कामाचा खर्च एका रात्रीचा असतो. घोडं गेलं तर कर्जाचा हप्ता मात्र वर्षभर फेडावा लागतो.