पॅनलमधली वीज खरोखर बंद आहे का?

कारखान्यातील यंत्रांच्या मागे, पाणीपुरवठा केंद्राच्या पंपघरात किंवा वीज उपकेंद्राच्या नियंत्रण कक्षात राखाडी रंगाची लोखंडी कपाटे उभी असतात. तंत्रज्ञ त्यांना ‘पॅनल’ म्हणतात. पॅनलच्या आत ३५ मिलिमीटर रुंदीच्या धातूच्या पट्टीवर एमसीबी, रिले आणि पॉवर सप्लाय ओळीने अडकवलेले असतात. त्यांच्यातच हिरवे दिवे लुकलुकणारी धातूची एक छोटी पेटी दिसते. हा औद्योगिक नेटवर्क स्विच. नाव ‘स्विच’ असले तरी दिवा लावण्याच्या बटणाशी त्याचा संबंध नाही. यंत्रे, सेन्सर आणि नियंत्रण कक्षातील संगणक यांच्यातले निरोप योग्य ठिकाणी पोहोचवणे हे त्याचे काम.

यातल्या ‘मॉड्युलर’ प्रकारात ही पेटी एकसंध नसते. वीज घेणारा भाग वेगळा, मूळ स्विच वेगळा आणि जादा केबल जोडण्यासाठीचे भाग वेगळे. गरज वाढली की नवा भाग खाचेत सरकवायचा आणि स्क्रू आवळायचा. बसवणे इतके सोपे असल्यामुळे ते ‘पाच मिनिटांचे काम’ समजले जाते. त्यासाठी प्लांट कशाला थांबवायचा, असा विचार होतो आणि चालू पॅनलमध्येच हात घातला जातो. पण या पाच मिनिटांत तंत्रज्ञासमोर जे धोके असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि हाताला कळतात तेव्हा उशीर झालेला असतो. सुरक्षिततेचे सगळे नियम या एका अडचणीवर उत्तर म्हणून तयार झाले आहेत.

एक वाट बंद, दुसरी चालू

औद्योगिक स्विच बंद पडून चालत नाही. म्हणून त्याला अनेकदा दोन स्वतंत्र ठिकाणांहून वीज दिलेली असते. एक पुरवठा गेला तरी दुसऱ्यावर काम सुरू राहावे, ही त्यामागची सोय. दुरुस्तीला आलेल्या माणसासाठी मात्र हीच सोय घातक ठरू शकते. त्याने समोरचा एक एमसीबी खाली केला तरी दुसऱ्या वाटेने वीज येतच असते.

तिसरी वाट तर आणखी फसवी. बिघाड झाला की धोक्याची सूचना देण्यासाठी स्विचमध्ये एक संपर्क दिलेला असतो. त्याच्या तारांमधली वीज स्विचच्या पुरवठ्यातून येत नाही, ती दुसऱ्याच मंडलातून आलेली असू शकते. स्विचचे सगळे दिवे विझलेले, दोन्ही पुरवठे बंद, तरीही त्या दोन स्क्रूंवर वीज जिवंत राहू शकते.

विजेचा दाबही ठिकाणानुसार बदलतो. अनेक कारखान्यांत स्विचला २४ व्होल्टचा डीसी पुरवठा असतो. कोरड्या त्वचेला त्याचा झटका सहसा बसत नाही. पण बोटातली अंगठी, हातातले कडे किंवा घड्याळाचा धातूचा पट्टा दोन टोकांना एकदम टेकला, तर त्यातून मोठा प्रवाह वाहून धातू तापतो आणि त्वचा भाजते. वीज उपकेंद्रांत बॅटरीवरून ११० किंवा २२० व्होल्ट डीसी पुरवठा दिलेला असतो. तिथे धक्का जिवावर बेतू शकतो. शिवाय घरातल्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला संधी मिळते. डीसी प्रवाह शून्यावर येत नाही. चालू तार सोडवताना पेटलेली ठिणगी त्यामुळे लांबत जाते.

शरीराचे गणित

विजेच्या धक्क्यात शरीराला इजा करतो तो प्रवाह आणि तो मिलिअँपिअरमध्ये मोजावा लागतो, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागात. एसी विजेचा साधारण १ मिलिअँपिअर प्रवाह मुंग्यांसारखा जाणवतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास स्वयंसेवकांवर प्रयोग करून एक महत्त्वाची मर्यादा शोधली. साधारण १० ते १६ मिलिअँपिअरला हाताचे स्नायू असे आखडतात की, पकडलेली तार सोडणे बहुतेकांना जमत नाही. त्याहून अधिक प्रवाहाने श्वासाचे स्नायू आखडू शकतात. ५० ते १०० मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह छातीतून काही क्षण गेला, तर हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन हृदय नुसते थरथरू लागते आणि रक्ताभिसरण थांबते.

आता २३० व्होल्टचा हिशेब करून पाहू. एका हातातून दुसऱ्या हातापर्यंत शरीराचा विद्युतरोध १००० ओहम धरला, तर प्रवाह होतो २३० मिलिअँपिअर. त्वचा कोरडी असेल तर रोध जास्त असतो, घामाने किंवा पावसाने भिजली की तो घसरतो. कोकणातल्या मे महिन्यात बंद पॅनलसमोर घामाघूम होऊन काम करणाऱ्या वायरमनला त्याच विजेचा धोका अधिक असतो तो यामुळेच. भारतात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक लोक प्राण गमावतात.

टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणून

आपल्याकडच्या प्रत्येक वायरमनच्या खिशात स्क्रूड्रायव्हरसारखा निऑन टेस्टर असतो. घरगुती कामात तो उपयोगी पडतो, पण ‘वीज नाही’ याचा पुरावा म्हणून तो विश्वासाचा नाही. त्याचा दिवा धरणाऱ्याच्या शरीरातून जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहावर लागतो. पायात जाड रबरी बूट असतील किंवा भोवती लख्ख ऊन असेल, तर वीज असूनही दिवा दिसत नाही. २४ व्होल्ट डीसीवर तर तो लागतच नाही.

योग्य पद्धत अशी आहे. स्विचला येणाऱ्या सगळ्या वाटा पॅनलच्या आराखड्यावरून शोधायच्या. प्रत्येक वाट बंद करून तिच्या खटक्याला स्वतःचे कुलूप घालायचे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. ‘काम चालू आहे, वीज सुरू करू नये’ अशी नावानिशी पाटी लावायची. दोघे काम करत असतील तर कुलपेही दोन हवीत. मग योग्य क्षमतेचे मोजणी-यंत्र आधी चालू असलेल्या जागी लावून ते नीट चालते हे पाहायचे. त्यानंतर ज्या तारांवर काम करायचे त्या मोजायच्या आणि शेवटी पुन्हा चालू जागी लावून यंत्र मधेच बिघडले नाही याची खात्री करायची. या तिहेरी तपासणीला दोन-तीन मिनिटे लागतात.

जोडणीचाही क्रम ठरलेला आहे. आर्थिंगची तार सर्वात आधी जोडायची आणि सोडताना सर्वात शेवटी सोडायची. आत काही बिघाड होऊन धातूच्या पेटीत वीज उतरली, तर ती माणसाच्या हाताऐवजी आर्थिंगच्या तारेतून जमिनीत जाते. रिकाम्या खाचांवर झाकण हवेच. अशा उपकरणांना पुष्कळदा ‘आयपी २०’ दर्जाचे संरक्षण असते. म्हणजे आत बोट जाणार नाही एवढीच हमी, पाण्यापासून काहीही बचाव नाही. झाकण काढून ठेवले की बोटाची हमीही गेली.

माणसाला न कळणारा झटका

आतापर्यंत वीज माणसाला इजा करते ते पाहिले. उलटही घडते. कोरड्या हवेत फरशीवरून चालताना, कृत्रिम धाग्याचे कपडे घासताना माणसाच्या अंगावर स्थिर विद्युतभार साचतो. हिवाळ्यात विदर्भात स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तो हाच. बोटाला चटका जाणवायला अंगावर साधारण ३००० व्होल्ट साचलेले असावे लागतात. नाजूक चिप मात्र १०० व्होल्टच्या आसपासही खराब होऊ शकते. म्हणजे तंत्रज्ञाला काहीच जाणवले नाही, तरी हातातला नवा भाग जायबंदी झालेला असू शकतो. कधीकधी असा भाग त्या दिवशी नीट चालतो आणि काही महिन्यांनी ऐन वेळी बंद पडतो. पंपघरातला किंवा उपकेंद्रातला स्विच असा बंद पडला, तर नियंत्रण कक्षातल्या माणसाला यंत्राची अवस्थाच दिसेनाशी होते.

यावर उपाय म्हणजे आर्थिंगला जोडलेला मनगटी पट्टा. त्याच्या तारेत साधारण १० लाख ओहमचा रोधक मुद्दाम बसवलेला असतो. साचलेला भार त्यातून हळूच निघून जातो, आणि चुकून २३० व्होल्टला स्पर्श झालाच, तर पट्ट्याच्या वाटेने जाणारा प्रवाह पाव मिलिअँपिअरहूनही कमी राहतो. तरीही हा पट्टा विजेपासून रक्षण करण्यासाठी नाही. चालू विजेच्या कामात तो घालायचा नसतो.

न दिसणारा प्रकाश

दूरच्या जोडणीसाठी स्विचमध्ये ऑप्टिकल फायबरचे भाग बसवतात. त्यातून लेझरचा प्रकाश धावतो, पण ८५० किंवा १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा हा अवरक्त प्रकाश डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. प्रखर दृश्य प्रकाश पडला की पापणी साधारण पाव सेकंदात मिटते. प्रकाश दिसलाच नाही तर पापणीही मिटत नाही, आणि डोळ्याचे भिंग मात्र तो दृष्टिपटलावर एकवटत राहते. साध्या अंतरासाठीचे बरेच भाग नेहमीच्या वापरात सुरक्षित गटात मोडतात. मात्र लांब पल्ल्याचे शक्तिशाली भाग तसे नसतात आणि भिंगातून किंवा सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यास धोका वाढतो. ‘प्रकाश येतोय का’ हे पाहण्यासाठी फायबरच्या टोकात डोकावू नये. त्यासाठी मोजणी-यंत्र वापरावे आणि मोकळ्या तोंडावर लगेच टोपी बसवावी. तुटलेल्या फायबरचे काचेचे तुकडेही जपून गोळा करावेत. मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी जाडी असलेला तो काटा त्वचेत घुसला तर शोधणे कठीण जाते.

उष्णता आणि ठिणगी

बऱ्याच औद्योगिक स्विचना पंखा नसतो. धातूचे कवचच आतली उष्णता बाहेर टाकते. अकोला-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बाहेर ४५ अंश सेल्सिअस तापमान असताना उन्हातल्या बंद पॅनलमध्ये ते आणखी चढते आणि कवच हात भाजण्याइतके तापू शकते. म्हणून चालू स्विचला उघड्या हाताने धरू नये आणि वर-खाली निर्मात्याने सांगितलेली मोकळी जागा सोडावी. जागा वाचवण्यासाठी भाग दाटीने बसवले तर हवा खेळत नाही आणि उपकरणाचे आयुष्य घटते.

रंगाचे कारखाने, तेल शुद्धीकरण प्रकल्प, बॅटरी चार्ज करण्याच्या खोल्या अशा ठिकाणी हवेत ज्वालाग्राही वायू असू शकतो. हायड्रोजन पेटायला ०.०२ मिलिज्यूल इतकी नगण्य ऊर्जा पुरते. माणसाच्या अंगावर १०,००० व्होल्टचा स्थिर भार साचला असेल, तर बोटातून उडणाऱ्या ठिणगीत सुमारे ५ मिलिज्यूल असतात, म्हणजे त्याच्या २५० पट. चालू मंडलातला प्लग ओढतानाही ठिणगी उडते. अशा क्षेत्रात वीज बंद केल्याशिवाय कोणतीही जोडणी करायची किंवा सोडायची नाही. हवेत वायू नाही याची मोजून खात्री झाली असेल तेवढाच याला अपवाद.

घरातही हाच प्रश्न

‘वीज किती वाटांनी येते’ हा प्रश्न कारखान्यापुरता नाही. घराचा मेन स्विच बंद केला तरी इन्व्हर्टरची वीज काही तारांत चालू राहते. गच्चीवरच्या सौर पॅनलच्या डीसी तारा ऊन आहे तोवर जिवंतच असतात. दुरुस्तीपूर्वी वायरमनला या दोन्हींची कल्पना देणे हे घरमालकाचे काम आहे.

कोणाला धक्का बसलाच, तर त्याला हात लावण्याआधी पुरवठा तोडावा. घरगुती दाबाची वीज असेल आणि बटण सापडत नसेल, तर कोरड्या लाकडी काठीने तार दूर करावी. उच्च दाबाच्या वाहिनीजवळ मात्र वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जाऊच नये. व्यक्ती प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ क्रमांकावर कळवून छातीच्या मध्यभागी ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब देत राहावे. माणूस लगेच सावरला तरी डॉक्टरांना दाखवावे. विजेने हृदयाची लय बिघडू शकते आणि आतल्या भाजण्याची खूण बाहेर लहानशीच दिसते.

बाकी जबाबदारी काम सांगणाऱ्याची आहे. कुलूप, पाटी आणि तिहेरी तपासणी यासाठी वेळ मागणारा वायरमन कामचुकार ठरवला गेला, तर पुढच्या वेळी तो वेळ मागत नाही. शटडाऊनचा अर्धा तास कामाच्या वेळापत्रकात आधीच लिहिलेला असेल, तर तो मागण्याची वेळच त्याच्यावर येणार नाही.