धमनी रुंदावली, पण ऑक्सिजन पोचला का?

कुणा नामवंताला ब्रेन हॅमरेज झालं की दोन-चार दिवसांत एक बातमी ठरलेली असते : शस्त्रक्रिया यशस्वी, प्रकृती स्थिर. आपण पान उलटतो. पण रक्तस्राव धमनीवरचा फुगवटा फुटून झाला असेल, तर क्लिप किंवा कॉइल घालून तो बंद केल्यावरही मोठी धास्ती पुढेच असते. साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसादरम्यान मेंदूच्या तळाशी सांडलेल्या रक्तामुळे आसपासच्या धमन्या आकसू लागतात. काल घरच्यांशी नीट बोलणारा माणूस आज शब्दासाठी अडखळतो, एक हात उचलेनासा होतो.

मग आकसलेली धमनी उघडावी, हे ओघानंच आलं. लेनिनग्राडच्या झुबकोव्ह यांनी १९८४मध्ये धमनीत इवलासा फुगा नेऊन ती ताणता येते, हे दाखवून दिलं. आता कॅथेटरमधून मिलरिनोन, निमोडिपिनसारखी औषधंही थेट तिथे सोडतात. पडद्यावर धाग्याएवढी रेघ जाड होताना दिसते. मात्र याच औषधांनी अंगातलं ब्लड प्रेशर उतरू शकतं, कवटीतला दाब चढू शकतो. पालिकेनं मुख्य जलवाहिनी रुंद केली म्हणून चौथ्या मजल्यावर पाणी चढतंच असं नाही.

औषधांच्या चाचण्यांनी हे चांगलंच दाखवलं आहे. क्लॅझोसेंटाननं धमन्यांचं आकसणं ठळकपणे कमी केलं, पण २०११च्या मोठ्या चाचणीत रुग्ण काही त्या प्रमाणात सुधारले नाहीत. उलट तोंडावाटे दिलेलं जुनं निमोडिपिन! १९८९च्या ब्रिटिश चाचणीत मेंदूचा भाग मरण्याचं प्रमाण त्यानं ३३ टक्क्यांवरून २२वर आणलं. अँजिओग्राफीत धमन्या मात्र फारशा रुंदावलेल्या दिसत नाहीत.

तेव्हा ऑक्सिजनच मोजावा. इथे लेलँड क्लार्क या अमेरिकी अवलियाची आठवण काढल्याशिवाय मला राहवत नाही. त्यांनी रक्तात ऑक्सिजन मिसळणारं यंत्र बनवलं, त्यावरचा लेख संपादकानं परत पाठवला : बाहेर येणाऱ्या रक्तात ऑक्सिजन किती, हे तुम्ही मोजलेलंच नाही! क्लार्क यांनी मग मोजणारं उपकरणच तयार केलं. रक्तातल्या प्रथिनांनी त्यातला प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड खराब होऊ नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकचा पातळ पडदा चढवला. ऑक्सिजन पलीकडे जातो, प्रथिनं अडतात. ही १९५६ची गोष्ट. पुढे याच गृहस्थांनी ऑक्सिजन विरघळवलेल्या द्रवात बुडवलेले उंदीर जिवंत ठेवून दाखवले. घरोघरच्या ग्लुकोमीटरची वंशावळही त्यांच्यापर्यंत पोचते.

त्यांच्या इलेक्ट्रोडचा वारसा सांगणारी बारीक तार आज कवटीला छोटं छिद्र पाडून मेंदूत सोडतात. ऑक्सिजनच्या दाबाचा आकडा साधारण २५ ते ३५ (मिलिमीटर पारा) असावा. २०च्या खाली गेला की आयसीयूत हालचाल सुरू होते. ब्लड प्रेशर चढवायचं, हिमोग्लोबिन कमी असेल तर रक्त द्यायचं, ताप उतरवायचा, नाहीतर पुन्हा कॅथलॅब गाठायची. धमनीत औषध सोडताना हा आकडा डोळ्यांसमोर असला, तर चित्र सुधारतंय आणि मेंदू उपाशी राहतोय, ही फसगत तिथल्या तिथे कळू शकते.

मला ही कल्पना मनापासून पटते. पुरावा मात्र अजून तोकडा आहे. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांवरच्या फ्रान्समधल्या चाचणीत (२०२३) या तारेनं निकाल सुधारला नाही. तो आजार वेगळा, हे खरं, पण कान टोचायला पुरेसं आहे. शिवाय तार मेंदूचा जेमतेम काही घन मिलिमीटर भाग पाहते. डावीकडची धमनी आकसली आणि तार उजवीकडे असली, तर ३०चा आकडा दाखवून ती सगळ्यांना निर्धास्त करेल. कपाळाला चिकटवायचे, प्रकाशानं मोजणारे पॅच छिद्राविना काम करतात. पण कातडीतलं रक्तही त्यांच्या हिशेबात मिसळतं.

तारेची खरी गरज बेशुद्ध किंवा झोपेच्या औषधाखाली ठेवलेल्या रुग्णाला, जो काहीच सांगू शकत नाही. शुद्धीवरच्या रुग्णाला रात्री दोन वाजता उठवून “काका, दोन्ही हात वर करा बघू” म्हणणारी सिस्टर हवी, आणि झोपमोड केली म्हणून तिच्यावर न चिडणारे नातेवाईकही.