सावित्रीच्या खोऱ्यातला धडा

नगररचना हीही शिकण्याची विद्या आहे, हे आम्हा महाडकरांना पटवणे कठीण. १९०९ साली इंग्लंडातल्या लिव्हरपूल विद्यापीठात तिचे पहिले स्वतंत्र वर्ग भरले. अवघ्या दहा वर्षांत, १९१९ला, मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग उघडला व तिथे पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानाला नेमले. (आपले घुर्ये त्यांचेच विद्यार्थी.) गेडिस मूळचे जीवशास्त्राचे. शहर एकटे पाहू नका, डोंगरापासून समुद्रापर्यंत नदीचे अख्खे खोरे पाहा, हा त्यांचा मुख्य पाठ.

मला तर वाटते, हा पाठ सावित्रीसाठीच लिहिलेला! उगम महाबळेश्वरी, घाट उतरताच पोलादपूर, मग महाड, शेवटी बाणकोटची खाडी. वरचा पाऊस काही तासांत आमच्या बाजारपेठेत उतरतो. खाडीला भरती असली तर तिथेच तुंबतो. जुलै २०२१ला पेठ बुडाली, त्याच पावसात तळीये दरडीखाली गेले. दिल्लीत १९५५पासून नियोजनाची शाळा आहे, पदवीधरही पुष्कळ. शहराच्या विकास आराखड्याची रेघ मात्र नगरपालिकेच्या हद्दीपाशीच थांबते. पोलादपूरचा डोंगर त्या कागदावर नसतोच.