पट कां घटतो?

एखादी शाळा बंद झाली म्हणजे तिचें कारण दोनच शब्दांत सांगण्यांत येतें : पट घटला. ऐकणाराचें समाधान होतें व विषय तेथेंच संपतो. परंतु कार्यकारणभावाचा विचार करूं लागल्यास पट घटणें हें कारण नसून कार्य आहे, असें दिसून येईल. त्याचें कारण शाळेबाहेर, भोंवतालच्या वस्तींत शोधावें लागतें.

मुंबईच्या गिरणगांवाचें उदाहरण घेऊं. परळ-लालबागच्या महापालिकेच्या मराठी शाळा एके काळीं गिरणीकामगारांच्या मुलांनीं भरत. १८ जानेवारी १९८२ रोजीं संप सुरू झाला. त्यांत सुमारें अडीच लक्ष कामगार होते. संप फसला व गिरण्या एकामागून एक थंडावल्या. १९९१ च्या नियमावलींत मोठ्या गिरण्यांच्या जमिनीचा जवळजवळ तिसरा हिस्सा मोकळ्या जागेसाठीं व तितकाच सार्वजनिक घरांसाठीं राखण्याची योजना होती. २००१ च्या दुरुस्तीनें ती वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली, व २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही ती दुरुस्ती कायम केली. भोंग्यांच्या जागीं मनोरे उभे राहिले. जमिनीचा भाव चढला. चाळींतलीं कितीएक बिऱ्हाडें डोंबिवली-विरारकडे गेलीं. नव्यानें आलेल्या कुटुंबांनीं मुलें इंग्रजी शाळांत घातलीं. शाळा जागच्या जागीं राहिली. मुलें मात्र उठून गेलीं.

दोष एकट्या जमिनीच्या भावाचा नव्हे. इंग्रजी माध्यमाकडे आधीं वळला तो सुशिक्षित मध्यमवर्गच. इतरांनीं त्याचाच कित्ता गिरविला. अर्ज लिहूं शकणारा, जाब विचारूं शकणारा पालक निघून गेला म्हणजे शाळेच्या गळक्या छपराकडे पाहणार कोण?

आतां आमच्या अरण्यप्रदेशाकडे वळूं. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग वनाच्छादित आहे. येथील टोल्यांवरच्या शाळांचा पट लहान, कारण टोलाच लहान. परंतु मोजण्याचें माप तेंच! २०१७ सालीं राज्यानें दहांहून कमी पटाच्या सुमारें तेराशें शाळा जवळच्या शाळांत विलीन करण्याचें ठरविलें. २०२३ सालीं वीसांहून कमी पटाच्या शाळांकरितां ‘समूह शाळां’चे प्रस्ताव मागविले.

एकत्रीकरणाच्या पक्षांतही तथ्य आहे. दोन शिक्षकांनीं चार-पांच इयत्ता सांभाळणें कठीण, आणि मुलांनाही सोबती हवेतच. हेमलकशाची लोकबिरादरी शाळा १९७६ पासून दूरदूरच्या माडिया मुलांना शिकवीत आली आहे. पण तिनें मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय केली. नुसतें नांव दुसऱ्या शाळेच्या पटावर चढविल्यानें मूल तेथें पोंचत नाहीं. शिक्षणहक्काच्या नियमांप्रमाणें पहिली ते पांचवीच्या मुलास एका किलोमीटराच्या आंत शाळा मिळावयास हवी. पर्लकोटेच्या पुरानें भामरागडाची वाट अनेकदां अडविली आहे. अशा मुलुखांत सात वर्षांच्या मुलीनें नाला ओलांडून परगांवीं जावें कसें?

म्हणून शाळेला कुलूप लावण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा : मुलें गेलीं कोठें? शहरांत तीं दुसरीकडे शिकत असतील; अरण्यांतलें मूल मात्र पुष्कळदां घरींच, शेळ्यांमागें राहील. वाचकांनींही आपल्या आळींतल्या शाळेंत एकदां जाऊन पट पाहावा, आणि हाच प्रश्न आधीं आपल्या घरांत विचारावा.