दुहेरी पोस्टिंगचे महिने

आज कोअर बँकिंगकडे वळायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. बँकांच्या यांत्रिकीकरणासाठी नेमलेल्या रंगराजन समितीवरचा मागचा भाग वाचून लालबागच्या एका वाचक भगिनींनी पत्र पाठवलंय, आणि त्यांचा प्रश्न ओलांडून पुढे जाणं मला जमणार नाही. त्यांचे वडील परळच्या एका शाखेत लेजर-कीपर होते. ‘शाखेत मशीन आलं तेव्हा बाबांसारख्यांना कुणी विचारलं होतं का?’ असं त्या विचारतात.

विचारलं होतं, पण संघटनेमार्फत. 8 सप्टेंबर 1983 रोजी इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. पुढचे करार 1987 आणि 1993चे. मशीन कुठल्या कामाला लावायचं, त्यावर कोण बसणार, बसणाऱ्याला विशेष भत्ता किती, असा सगळा तपशील त्यांत आहे. आज ही कलमं रुक्ष वाटतात. पण 1983 साली परळ-लालबागमध्ये काय चाललं होतं ते आठवा. 18 जानेवारी 1982ला सुरू झालेला गिरणी संप संपल्याचं कुणी जाहीरही केलं नव्हतं. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते, आणि त्यांतल्या कितीतरी जणांना पुन्हा गिरणीचं तोंड दिसणार नव्हतं. बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्यांत याच कामगारांची मुलं होती. त्यांच्या आजोबांनी 1928चा संप पाहिलेला. एप्रिल ते ऑक्टोबर चाललेला तो संप, एका विणकराने दोनाऐवजी तीन साचे सांभाळावेत असल्या सक्तीवरून पेटलेला. अशा घरातल्या माणसाने मशीनकडे संशयाने पाहिलं तर त्याला मागासलेला म्हणणं मला कधीच पटलं नाही. त्याने आधी कागदावर सही मागितली, हे शहाणपणाचंच होतं.

शाखेत आलं ते एएलपीएम, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन. त्यासाठी काचेची केबिन, एसी, आणि दाराबाहेर चपला काढायची शिस्त. बाहेर पंख्याखाली जाडजूड लेजरं तशीच. मग सुरू झाले दुहेरी पोस्टिंगचे महिने. तेच व्हाउचर आधी हाताने लेजरात, नंतर मशीनवर, आणि संध्याकाळी दोन्हीकडची बाकी जुळवायची. सगळे वैतागायचे. कामाचा भार कमी करायला आणलेल्या मशीनने काम दुप्पट केलं, अशी तक्रार प्रत्येक शाखेत ऐकू यायची.

माझं म्हणणं असं, की शाखा बदलली ती याच महिन्यांत. प्रशिक्षण केंद्रात मशीन चालवायला शिकवत, त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा ते शिकवत नसत. ते शाखा शिकली दुहेरी पोस्टिंग करतानाच.

ताळा चुकला की जुना लेजर-कीपर काय करायचा ते पाहण्यासारखं होतं. फरक पडला 27 रुपयांचा. तो आधी नऊने भागून पाहायचा. भाग गेला, की बहुधा आकड्यांची अदलाबदल. 41च्या जागी 14 लिहिलेत. तसं नसेल तर फरकाचा निम्मा आकडा दिवसभराच्या व्हाउचरांत शोधायचा, कारण नावेची रक्कम जमेला पडली की फरक दुप्पट दिसतो. हे ज्ञान मशीनने खरंच निकामी केलं. बेरीज मशीन करणार, ती चुकणार नाही.

पण त्याच माणसाकडे दुसरंही एक ज्ञान होतं. गिरणगावातल्या शाखेत एकाच नावाचे, एकाच आडनावाचे, कोकणातल्या एकाच तालुक्यातून आलेले तीन-तीन खातेदार असत. ऑपरेटरने एकाचा पगार दुसऱ्याच्या खात्यात टाकला तर मशीनचा ताळा बिनचूक जुळायचा! एकूण बेरजेत फरकच नाही. चूक सापडायची ती लेजराच्या पानावर, ‘हा तर रिटायर झालाय, याला पगार कुठून?’ असं म्हणणाऱ्या माणसाला.

जिथे शाखाधिकाऱ्याने हे ओळखलं, तिथे लेजर-कीपरला तपासणीला बसवलं. तरुण ऑपरेटर आणि तो एकाच टेबलाशी आले, आणि काचेची केबिन सगळ्या शाखेची झाली. जिथे ओळखलं नाही, तिथे ऑपरेटरला भत्ता मिळाला, जुन्याला टपाल नोंदवायला बसवलं, आणि दोघांत बोलणं उरलं नाही. मशीन दोन्हीकडे सारखंच होतं.

आज लोअर परळला, गिरण्यांच्या आवारात उभ्या राहिलेल्या ऑफिसांत नवी प्रणाली बसवताना जुनी-नवी एकत्र चालवायचा काळ शक्य तितका कापला जातो. खर्च वाचतो हे खरं. पण त्या काळात जुनी माणसं नव्या प्रणालीला जे प्रश्न विचारतात, ते नंतर विचारायला कुणी राहत नाही. बँकांत हे 2000-01च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत दिसलं. सरकारी बँकांतून एक लाखाच्या आसपास माणसं बाहेर पडली. हाताने लेजर लिहिलेली पिढी त्यांत मोठ्या संख्येने होती, आणि कोअर बँकिंगची मोठी लाट तर त्यानंतर आली.

तेव्हा भगिनी, तुमच्या वडिलांना करारात विचारलं गेलं. टेबलाशी विचारलं गेलं की नाही, ते त्यांच्या शाखाधिकाऱ्यावर होतं. दुहेरी पोस्टिंगच्या काळात त्यांना कुठे बसवलं होतं ते जरूर कळवा. इतरही वाचकांनी आपल्या शाखेतलं लिहावं.

पुढच्या आठवड्यात नक्की कोअर बँकिंग. गिरगावचं खातं दादरच्या काउंटरवर चालायला लागलं, तेव्हा खातेदाराला चेहऱ्याने ओळखण्याची जबाबदारी कुणाची, यावरून शाखाशाखांत जो वाद पेटला, तिथून सुरुवात करू.