जुनी सायकल विकू नका, आधी तिचा चिमटा बघा!

घरातली गिअरची सायकल धडधाकट असेल तर नवी ई-सायकल घ्यायची घाई करू नका. मागच्या चाकात हब मोटर, 36 व्होल्टची बॅटरी, कंट्रोलर आणि पेडल सेन्सर एवढ्यावर तीच सायकल विजेवर धावते.

बॅटरीचं गणित सोपं आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. 36 × 10 म्हणजे 360 वॅट-तास. पेडल मारत गेलात तर किलोमीटरला साधारण 10 ते 15 वॅट-तास लागतात, म्हणजे 25 ते 35 किलोमीटर. पूर्ण चार्जला अर्धा युनिटही वीज लागत नाही! पुण्यात कोथरूडहून चांदणी चौकाचा चढ चढणाऱ्यांनी मात्र कमी अंतर धरावं.

मोटरचा आस ज्या खाचेत बसतो तो चिमटा लोखंडी असलेला बरा. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर टॉर्क आर्म (आस फिरू न देणारी पट्टी) लावल्याशिवाय चाक फिरवूच नका. आस खाचेतून निसटला तर चाकच सुटतं. ब्रेकही आधी बदला. ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे लिव्हर घ्याच.

मोटर 250 वॅटच्या आत, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत असेल, तर नोंदणी नको, लायसन्सही नको. पण हेल्मेट घाला.