लहान मुलांना घेऊन बागेत : पालकांस काय सांगावे?

उन्हाळ्याची सुटी लागण्यापूर्वी आपल्या शाळांतून पालकसभा भरतात. निकाल, पुढील वर्गाचा प्रवेश, गणवेश, पोषण आहार हे विषय झाले की मंडळी उठू लागतात. ‘सुटीत मुलाकडून काय करून घ्यावे?’ असे एखाद्या मातेने विचारलेच, तर ‘पाढे म्हणवून घ्या, शुद्धलेखन लिहवून घ्या’ एवढ्यावर आपण तिची बोळवण करतो. मी स्वतः पंधरा वर्षे वर्गशिक्षक असताना हेच उत्तर देत आलो. त्या उत्तरात भर घालण्याजोगी एक गोष्ट शिक्षकबंधुभगिनींपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सुटीत गावातील कितीतरी कुटुंबे लग्नकार्य, दवाखाना, खरेदी किंवा नातलगांची भेट अशा निमित्ताने शहरात जातात. परतीच्या एस. टी. ला अवकाश असला की पोरांना घेऊन जवळच्या सार्वजनिक बागेत तास-दोन तास काढतात. हा वेळ बहुधा भेळ, फुगा आणि ‘इकडे ये, तिकडे जाऊ नको’ यांतच सरतो. पण चार ते सात वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने वर्षातील फार मोलाच्या तासांपैकी हे तास असतात. ते कसे घालवावेत हे पालकांस सांगणारे कोणी असेल, तर ते गावचे शिक्षकच होत.

मी सहा वर्षांचा असताना, १९७७ च्या सुमारास, वडिलांनी आम्हां भावंडांस पुण्याच्या पेशवे उद्यानात नेले होते. प्राणिसंग्रहालय तेव्हा तेथेच होते. पुढे ते कात्रजला हलविण्यात आले. वाघ, हत्ती हे सारे मी पाहिले असणारच. परंतु आज त्यांतले काहीही डोळ्यांपुढे येत नाही. आठवते ती १९५६ साली सुरू झालेली ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी, आणि तिच्या इवल्याशा डब्यात गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेले आमचे वडील. ते कडक शिस्तीचे शेतकरी होते. टोपी उडेल म्हणून त्यांनी ती खिशात कोंबली होती आणि ते मोठ्याने हसत होते. वडिलांना कामाची घाई नाही, असे मी प्रथमच पाहिले.

हे ठाऊक असूनही पुढे स्वतः बाप झाल्यावर मी काय केले, तेही सांगणे प्राप्त आहे. २००४ च्या उन्हाळ्यात पाच वर्षांच्या मुलास आणि घरच्या मंडळींस घेऊन मी एका मोठ्या गावच्या बागेत गेलो. शिक्षकी पेशाची सवय अशी की, बागेचेही मी वेळापत्रक केले होते: अर्धा तास फुलझाडे, अर्धा तास खेळ, मग कारंजे, मग डबा. प्रत्येक झाडाच्या पाटीपुढे थांबून मी नाव वाची आणि मुलाकडून वदवून घेई. तिसऱ्या-चौथ्या पाटीपर्यंत तो बोलला. पुढे कारंज्याशी पोचून मागे पाहतो, तर मुलगा नाही! पाऊण तास आम्ही सारी बाग धुंडाळली. त्याच्या आईची अवस्था सांगण्याजोगी नव्हती. अखेर पाण्याच्या टाकीमागे तो सापडला. माळ्याने सोडलेल्या पाण्याच्या पाटात तो एकेक वाळके पान सोडीत होता, आणि कोणते तरंगत जाते, कोणते काठाला अडते ते पाहत होता. मी चार माणसांदेखत त्याच्या पाठीत धपाटा घातला. त्यानंतर कित्येक महिने कोठेही गेलो तरी तो माझे बोट सोडीत नसे, आणि पाहणारे त्याला शहाणा मुलगा म्हणत.

चूक त्या मुलाची नव्हती. त्याची चाल आणि माझी चाल यांचा मेळ मी घातला नव्हता. पाच वर्षांच्या मुलाचे पाऊल आपल्या पावलाहून बरेच आखूड पडते. आपण सहज चालतो तेव्हा ते जवळजवळ धावत असते. शिवाय त्याची नजर जमिनीपासून सुमारे तीन फुटांवर असते. मेंदीच्या कुंपणापलीकडील गुलाबाचा ताटवा आपणांस दिसतो, मुलाला फक्त मेंदी दिसते. उलट मुंग्यांची रांग, उघडी पडलेली मुळे, गळणारा नळ, गळून पडलेल्या शेंगा यांनी त्याची बाग भरलेली असते. ती आपल्याला दिसत नाही. म्हणून पालकांस पहिली सूचना ही द्यावी की, बागेत गेल्यावर एक जागा पाहून खाली बसावे. मूल थांबेल तेथे थांबावे. सबंध बाग पाहून झाली नाही तर काही बिघडत नाही. एका वडाखाली तास गेला, तर तो तास चांगला गेला असे समजावे.

आता बोलण्याविषयी. ‘हे काय? ते काय? याला काय म्हणतात?’ असे प्रश्न आपण विचारू लागलो की मुलास ती परीक्षा वाटते आणि ते गप्प होते. त्यापेक्षा आपण पाहतो आहो ते सहज बोलून दाखवावे. ‘ही मुंगी आपल्याहून मोठा दाणा ओढते आहे बघ’ असे म्हणून स्वस्थ राहावे. मूल आपण होऊन बोलू लागते. ते घरच्या बोलीत बोलेल. अहिराणीत, वऱ्हाडीत, कोकणीत, गोंडीत, जे येईल त्यात. तेथे प्रमाण शब्दाचा आग्रह पालकांनी धरू नये, आणि नंतर वर्गात आपणही धरू नये. प्रमाण शब्द त्याच्या शब्दाशेजारी हळूच ठेवावा. त्याचा शब्द काढून घेऊ नये.

येथे एक गोष्ट जरा विस्ताराने सांगितली पाहिजे. शहरातील बागेत गेल्यावर खेड्यातील पालक संकोचतात. झाडांवरील पाट्यांवर शास्त्रीय नावे असतात, कपडेवाली मंडळी भोवती असतात. ‘आम्ही अडाणी, पोराला काय सांगणार?’ असे ते म्हणतात. हे अगदी उलट आहे, आणि ते त्यांना आपण ठासून सांगावे. बागेतील निम्मी झाडे ती पाटी वाचणाऱ्यापेक्षा त्यांच्या अधिक परिचयाची असतात. करंजाच्या बियांचे तेल दिव्यात जाळीत, पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावीत, कडुनिंबाचा पाला धान्यात घालीत, हे ज्या आजीने स्वतः केलेले आहे ती आजी त्या बागेत शिक्षिकाच आहे. आपल्या शहरांतील बागांतून आणि रस्त्यांच्या कडेने वर्षावृक्षाची मोठमोठी झाडे असतात. त्यांस कोणी विलायती शिरीषही म्हणतात. हे झाड मूळचे मध्य व दक्षिण अमेरिकेतील. त्याची पाने दिवस मावळू लागला की मिटतात, आभाळ भरून आले तरी मिटतात. त्याच्या काळसर शेंगांत गोड, चिकट गर असतो आणि गुरे त्या आवडीने खातात. यांतील पहिली माहिती पुस्तकात सापडेल, शेवटची एखादा गुराखी पुस्तकाशिवाय सांगेल. मुलास दोन्ही मिळावयास हवीत. गुलमोहोर मादागास्करहून आला, हे सांगणारा शिक्षक आणि त्याची मोठी चपटी शेंग तलवार म्हणून हाती घेणारे मूल यांची गाठ एकाच झाडाखाली पडावी.

कै. ताराबाई मोडक यांच्या कार्यातही हीच दृष्टी दिसते. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडला नेले. श्रीमती अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्या बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. कुरण हे शिकण्याचे ठिकाण होऊ शकते, तर बाग का होऊ नये?

खेळण्याच्या साधनांविषयी थोडेसे. घसरगुंडीवर मूल दहा वेळा तेच करते म्हणून पालक कंटाळतात. पण दहाव्या वेळी ते पहिल्यासारखे घसरत नसते. पाय कोठे टेकावे, वेग कसा आवरावा हे ते शिकत असते. ज्या फळीला मुले सीसॉ म्हणतात, तिच्यावर धाकट्याला थोरल्या भावाबरोबर बसवावे. धाकटा अधांतरी लटकतो आणि रडू लागतो. मग थोरल्याला मध्याच्या जवळ सरकावयास सांगावे. पंधरा किलोचे बालक मध्यापासून दोन मीटरवर असेल, तर तीस किलोचा भाऊ एक मीटरवर बसला की फळी सम होते. सात वर्षांच्या आतील मुलास हे गणित सांगू नये. ‘दादा पुढे सरकला की मी खाली येतो’ एवढे त्याच्या अंगाला कळले की पुरे. सहावी-सातवीत तरफ शिकविताना तुम्हांला या अनुभवाचा उपयोग होईल.

सावधगिरीच्या सूचना मात्र पालकसभेत स्पष्ट शब्दांत द्याव्यात. बागेत सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर जावे. मधल्या उन्हात पत्र्याची घसरगुंडी चटका देण्याइतकी तापलेली असते. पाण्याची बाटली घरून भरून न्यावी. मोहोळ दिसले तर त्या झाडाखाली बसू नये. पिवळी कण्हेर, जिला कित्येक ठिकाणी बिट्टी म्हणतात, ती शोभेसाठी बागांतून आणि आपल्या शाळांच्या आवारांतूनही सर्रास लावलेली असते. तिच्या बियांनी मुले खेळतात. ही बी अत्यंत विषारी असून पोटात गेल्यास हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. लाल-पांढऱ्या फुलांची कण्हेर, धोतरा, गुंज हीही विषारीच आहेत. मुलाने असे काही खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करीत न बसता, ते फळ वा पान बरोबर घेऊन तडक सरकारी रुग्णालय गाठावे. ज्या शाळांच्या आवारात बिट्टी आहे त्यांनी पहिलीच्या वर्गाजवळची झाडे तरी काढावीत, अशी माझी विनंती आहे. भेटीच्या वेळी मी ते पाहीनच.

मूल हरविण्याचा प्रसंग माझ्यावर गुदरला तसा कोणावरही येऊ शकतो. पहिलीच्या मुलास आपले पूर्ण नाव, आईचे नाव, गावाचे व तालुक्याचे नाव न अडखळता सांगता यावे, हे आपण वर्गात जून-जुलैतच करून घ्यावे. ‘आई-बाबा दिसेनासे झाले तर धावू नको, आहेस तेथेच उभा राहा’ हे त्याला खेळातून शिकवावे. फोनचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून त्याच्या खिशात ठेवण्यास पालकांस सांगावे. आणि मूल सापडल्यावर प्रथम त्याला जवळ घ्यावे. रागवायचे असेलच तर ते घरी गेल्यावर. घरी जाईपर्यंत राग बहुधा उरत नाही.

ज्यांना शहरात जाणे घडत नाही अशी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी नदीकाठ आहे, देवराई आहे, गावच्या पारावरचा पिंपळ आहे. डबा बांधून आठवड्यातून एखाद्या सायंकाळी आई, आजी, भावंडे अशी सर्वांनी जाऊन बसावे. मजुरीवर जाणाऱ्या घरांना एवढीही सवड मिळत नाही, हे मी जाणतो. तेथे पारावर संध्याकाळी तास-अर्धा तास शिक्षकाने वा एखाद्या आजोबांनी चार घरची मुले एकत्र बसवली, तरी निभावते.

एक गोष्ट मात्र कृपा करून करू नये. सुटी संपल्यावर ‘मी पाहिलेली बाग’ असा निबंध मुलांकडून लिहवून घेऊ नये. ज्या मुलाला निबंधाची धास्ती असते ते बागेतही निबंधच पाहत हिंडते. त्याऐवजी वर्गाच्या कोपऱ्यात एक पाट ठेवावा आणि सुटीत सापडलेली एक वस्तू त्यावर आणून ठेवा, एवढेच सांगावे. मागील वर्षी एका द्विशिक्षकी शाळेस भेट दिली, तेव्हा असा पाट मला दिसला. त्यावर दोन पिसे, एक गोल गोटा, बसचे तिकीट आणि वर्षावृक्षाच्या सहा शेंगा होत्या. शेंगा आणणारी मुलगी दुसरीतील. तिने मला विचारले, ‘या आमच्या म्हशीला घालू का? आजी म्हणते, खाती.’ बाईंनी तिला तीन शेंगा घरी नेऊ दिल्या आणि तीन पाटावर ठेवून घेतल्या. दुसऱ्या दिवशी म्हशीने काय केले हे सांगायला आजी स्वतः शाळेत आली होती, असे बाईंनी मला नंतर कळविले.